ड्युशेन असलेल्या मुलाला नव्या औषधाच्या चाचणीत घालावे का?

परभणी जिल्ह्यातील एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सात वर्षांचा आहे. जिना चढताना दमतो, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवत उठतो. जनुकीय तपासणीत ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार, निघाला आहे. हैदराबादच्या एका रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू असून तीन मुलांपैकी दोघांना औषध आणि एकाला औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव मिळेल. वर्षभर दर महिन्याला जावे लागेल आणि स्नायूचा तुकडा दोनदा काढावा लागेल. पत्नी जाऊ म्हणते, आई म्हणते पोरावर प्रयोग नको. काय करावे?

मी मराठवाड्यात बरीच वर्षे मुलांच्या मेंदूच्या आणि स्नायूंच्या आजारांवर उपचार करतो. अशा चाचण्यांत संशोधक म्हणून काम केले आहे आणि संशोधन मुलांसाठी योग्य आहे का हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीत बसून इतरांचे प्रस्तावही तपासले आहेत. तरीही ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे मी इथून सांगणार नाही. त्या औषधाचे नाव, मुलाच्या जनुकातील नेमका बिघाड, त्याच्या हृदयाची आणि यकृताची स्थिती हे सारे समोर असल्याशिवाय तसे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. निर्णय कसा घ्यावा, एवढे मात्र सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारले आहे की औषध घ्यावे का. खरा प्रश्न वेगळा आहे. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. उपचारात डॉक्टरसमोर एकच मूल असते आणि त्याला सोसेल तसा तो डोस बदलतो, तपासणी पुढे ढकलतो, औषध थांबवतो. चाचणीत सगळ्या मुलांसाठी एकच लिखित आराखडा असतो, कारण तिथे एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते: हे औषध उपयोगी आहे का, आणि सुरक्षित आहे का? उत्तर आधीच माहीत असते तर चाचणीची गरजच उरली नसती. म्हणून मी प्रत्येक आईवडिलांना सांगतो की हे औषध आपल्या मुलाला लागू पडणार नाही असे घटकाभर धरून चाला, आणि मग स्वतःला विचारा: तरीही वर्षभराच्या खेपा, सुया आणि तो स्नायूचा तुकडा आपल्याला मान्य आहे का? उत्तर ‘हो’ आले तर पुढचा विचार करावा. ‘औषध मिळणारच, म्हणून जातोय’ असे असेल तर थांबावे.

तुमच्या आईंची भीती अडाणीपणाची नाही, हे आधी स्पष्ट करतो. मुलांवरील संशोधनाच्या इतिहासात लाजिरवाण्या गोष्टी घडल्या आहेत. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या संस्थेत १९५० च्या दशकापासून पुढे काही वर्षे मतिमंद मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग देऊन अभ्यास झाले. आपल्या शेजारच्या तेलंगणातील (तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील) खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९-१० मध्ये शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात काही मुलींचे मृत्यू झाले. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसून आला नाही, पण अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आजचे नियम अशा घटनांमधून आलेले आहेत. ‘प्रयोग नको’ म्हणणाऱ्या आजीला घरातल्या चर्चेत बसवा, संमतीच्या बैठकीलाही सोबत न्या. माझ्या अनुभवात सगळ्यांत नेमके प्रश्न आज्याच विचारतात.

मग मुलांवर चाचणी करायचीच कशाला, मोठ्यांवर का नाही? याचे एक कारण असे की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल हे मोठ्यांना चालणारे प्रतिजैविक नवजात बाळांना दिले गेले, तेव्हा त्यांचे अपरिपक्व यकृत ते निचरू शकले नाही आणि कित्येक बाळे राखाडी पडून दगावली. दुसरे कारण या आजारातच आहे. ड्युशेन साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो, आणि स्टिरॉइड हे या आजारातले नेहमीचे औषध न घेणारी बहुतेक मुले दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणे गमावतात. स्नायूची जागा चरबीने आणि तंतूंनी घेतली की तिथे नवा स्नायू उभा करणारे औषध आज कोणाकडेही नाही. म्हणजे जे वाचवायचे ते लहानपणीच वाचवावे लागते, आणि त्यासाठी औषध लहानपणीच तपासावे लागते.

आता त्या ‘औषध नसलेल्या’ गटाविषयी, ज्याला प्लासिबो गट म्हणतात. पालकांचा जीव सर्वाधिक इथेच अडतो. आपल्या पोराला दर महिन्याला सुई टोचायची आणि आत काहीच नाही, हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते साहजिक आहे. पण ड्युशेनमध्ये एक फसवी गोष्ट आहे. सात वर्षांच्या आतली मुले आजार आतून वाढत असतानाही अनेकदा चालण्या-पळण्याच्या मोजमापात थोडी सुधारतात, कारण वाढीचा वेग तोपर्यंत ऱ्हासावर मात करत असतो. नवे खत चालते का हे पाहायला शेतकरी त्याच रानातल्या काही ओळी खताविना ठेवतो, नाहीतर पाऊस चांगला झाला की सगळेच रान जोमात येते आणि श्रेय खताला जाते. प्लासिबो गट म्हणजे त्या ओळी.

याचे ताजे उदाहरण देतो. अमेरिकेत २०२३ मध्ये ड्युशेनसाठीच्या एका जनुकीय उपचाराला तातडीच्या मार्गाने मान्यता मिळाली. त्यानंतर चार ते सात वर्षांच्या १२५ मुलग्यांवरील मोठ्या चाचणीचा निकाल आला. या मुलांचे मोजमाप नॉर्थ स्टार नावाच्या कसोटीने करतात. उभे राहणे, पायरी चढणे, एका पायावर थांबणे, जमिनीवरून उठणे, धावणे अशा १७ कृतींना मिळून ३४ गुण असतात. वर्षभरात उपचार मिळालेल्या मुलांचे गुण सरासरी २.६ ने वाढले. केवळ हा आकडा पाहिला असता तर जगभर पेढे वाटले गेले असते. पण प्लासिबो गटातील मुलांचे गुणही १.९ ने वाढले होते, आणि दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पुढे २०२५ मध्ये हाच उपचार घेतलेली, चालणे आधीच थांबलेली दोन किशोरवयीन मुले यकृत निकामी होऊन दगावली. प्लासिबो गट नसता तर उपचाराचा लाभ मोठा वाटला असता आणि धोका त्यापुढे लहान दिसला असता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या जनुकीय आजाराच्या तीव्र प्रकारात बालके बसायला शिकण्याआधीच श्वासाला मुकतात. नुसिनर्सेन हे औषध त्यांच्यावर तपासले गेले तेव्हा १२१ बालकांपैकी ४१ जणांना औषध दिले नव्हते. त्यांच्या कमरेवर नुसता लहानसा टोचा देऊन वर पट्टी लावली जाई, म्हणजे कोणाला औषध मिळाले ते आईवडिलांना कळू नये. औषध मिळालेल्या बालकांपैकी सुमारे निम्म्यांनी मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे अशा टप्प्यांत प्रगती केली आणि दुसऱ्या गटात एकानेही केली नाही. हा फरक मधल्या पाहणीतच दिसला, तेव्हा २०१६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवून दुसऱ्या गटातील बालकांनाही औषध देऊ केले गेले. औषध खरेच जोरकस असेल तर नीट आखलेली चाचणी मुलांना विनाकारण ताटकळत ठेवत नाही. त्यासाठी मधली पाहणी करणारी स्वतंत्र समिती लागते. तुमच्या चाचणीत ती आहे का, हे जरूर विचारा.

प्रत्येक चाचणीत प्लासिबो लागतोच असेही नाही. प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आजाराची जगभरात जेमतेम काही शे मुले आहेत. त्यांच्यासाठी लोनाफार्निब हे मुळात कर्करोगासाठी बनवलेले औषध २००७ पासून बॉस्टनमध्ये तपासले गेले तेव्हा सगळ्याच मुलांना औषध दिले आणि तुलना उपचार न मिळालेल्या मुलांच्या जुन्या नोंदींशी केली. त्या औषधाला २०२० मध्ये मान्यता मिळाली. ड्युशेनची मुले संख्येने अधिक आहेत आणि प्रत्येकाची गती वेगळी आहे, म्हणून इथे जुन्या नोंदींवर तितका भरवसा ठेवता येत नाही.

प्लासिबोबाबत माझ्या दोन अटी मात्र पक्क्या आहेत. दोन्ही गटांतील मुलांना स्टिरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदयाची तपासणी ही नेहमीची काळजी पूर्ण मिळालीच पाहिजे. नवे औषध या काळजीवर भर म्हणून असावे, तिच्याऐवजी नव्हे. आणि वर्ष संपल्यावर प्लासिबो गटातील मुलांना खरे औषध मिळण्याची सोय आराखड्यात लिहिलेली असावी. समितीत बसताना यांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी मी प्रस्ताव परत पाठवतो.

यानंतर तुमच्या हातातील कागदांकडे वळू. सगळ्यांत आधी मुलाचा जनुकीय अहवाल काढा. ड्युशेनमध्ये बिघडलेले डिस्ट्रोफिन हे जनुक माणसाच्या शरीरातील सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक असून त्याचे ७९ तुकडे आहेत, त्यांना एक्झॉन म्हणतात. तुमच्या मुलात कोणते एक्झॉन गळाले आहेत यावर तो कोणत्या औषधाला पात्र आहे हे ठरते. एक्झॉन ५१ वगळणारी, म्हणजे जनुकाचा संदेश वाचताना तो तुकडा ओलांडायला लावणारी, औषधे जेमतेम १३ टक्के मुलांनाच लागू होऊ शकतात, ५३ वगळणारी त्याहून कमी. हैदराबादच्या डॉक्टरांनी हा अहवाल न पाहताच होकार दिला असेल तर आधी तो दाखवून खात्री करा. आणि हेही विचारा की या चाचणीत गेल्यास पुढच्या कोणत्या चाचण्यांचे दार बंद होईल. विषाणूच्या साहाय्याने दिलेला जनुकीय उपचार एकदा घेतला की शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि तसा उपचार दुसऱ्यांदा घेणे आज शक्य नाही. गोळ्यांच्या किंवा सलाइनच्या चाचणीतून बाहेर पडता येते, पण त्या उपचारातून मागे फिरता येत नाही.

स्नायूचा तुकडा काढण्याविषयी विशेष काळजीने लिहितो, कारण संमतीपत्रात त्यावर अनेकदा दोनच ओळी असतात. ड्युशेनच्या मुलांना भूल देताना सक्सिनिलकोलीन हे औषध आणि वासाने द्यायची भूल टाळावी लागते. त्यांनी स्नायू झपाट्याने विरघळून रक्तातील पोटॅशियम वाढू शकते आणि हृदय थांबू शकते. तुकडा कोण काढणार, भूल कोण देणार, त्यांनी ड्युशेनची मुले पूर्वी हाताळली आहेत का, हे थेट विचारा. चांगल्या केंद्रातील डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. उत्तर देताना कोणी चिडत असेल तर मी तिथे माझ्या रुग्णाला पाठवणार नाही.

कायद्याने तुम्हाला काय मिळते तेही माहीत असू द्या. भारतात २०१९ पासून नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पहिल्या मुलाला घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद, या तीन गोष्टी नसतील तर ती चाचणीच नव्हे. नोंदणी क्रमांक मागून घ्या. संकेतस्थळावर कोणालाही तो पाहता येतो. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात आणि ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते. चाचणी संपल्यावर मुलाला औषधाचा लाभ दिसत असेल, दुसरा पर्याय नसेल आणि संशोधक व कमिटी दोघे शिफारस करतील, तर ते औषध पुढेही विनामूल्य देण्याची तरतूद नियमांत आहे. ती तुमच्या संमतीपत्रात उतरली आहे का, ते ओळीवर बोट ठेवून पाहा.

संमतीपत्र मराठीत मागा. हैदराबादच्या केंद्रात तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी प्रती तयार असतील. मराठी प्रत कमिटीकडून मंजूर करून आणायला त्यांना थोडे दिवस लागतील, तर लागू द्या. तुम्हाला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळणे हा तुमचा हक्क आहे. प्रत घरी आणा, गावातल्या शिक्षकांना वाचायला द्या, तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याच दिवशी सही करा म्हणणाऱ्या केंद्रापासून लांब राहा. पूर्णपणे नव्या रेणूची चाचणी असेल तर मुलांसारख्या असुरक्षित सहभागींच्या संमतीचे चित्रीकरणही करावे लागते. समोर कॅमेरा पाहून पालक बावरतात आणि भराभर मान डोलावतात. कॅमेरा तुमच्या रक्षणासाठी आहे. त्याच्यासमोर सगळे प्रश्न निवांत विचारा.

आणि मुलाला विचारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारानंतर लेखी अनुमती घ्यावी लागते. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. माझ्याकडच्या एका बैठकीत बीडकडचे ऊसतोड करणारे आईवडील तासभर ऐकत बसले होते आणि शेवटी त्यांनी एवढेच विचारले, ‘सही कुठं करायची?’ त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा मात्र मला म्हणाला, ‘हे औषध घेतल्यावर मी जिना चढीन का?’ मी सांगितले, ‘मला माहीत नाही. तेच शोधायचं आहे.’ त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘मग रक्त डाव्या हातातून घ्या, उजव्या हाताने मी लिहितो.’ त्या वाक्यानंतर मी त्याच्या वडिलांना पुन्हा खाली बसवले आणि सगळे पहिल्यापासून समजावले, कारण घरात ज्याला ही गोष्ट नीट समजली होती तो तो मुलगा होता.

त्याच कुटुंबामुळे आणखी एक मुद्दा आठवतो. ठरलेल्या तारखेला जाणे हा चाचणीचा कणा असतो. दिवाळीनंतर उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या कुटुंबाला दर महिन्याला फडातून निघता येत नाही, आणि तारखा चुकल्या की मुलाला चाचणीतून वगळले जाऊ शकते. तुमचे तसे नसले तरी परभणीहून हैदराबादचा रात्रीचा प्रवास, मुलाला डब्यात उचलून चढवणे, बुडणारी मजुरी, घरी राहिलेले दुसरे लेकरू हा सगळा हिशेब आधी मांडा. प्रवासाचा, मुक्कामाचा आणि सोबतच्या एका माणसाच्या बुडालेल्या रोजाचा खर्च केंद्राने द्यायला हवा. तो रोख मिळतो की महिन्यांनी, हेही विचारा. आणि गावी रात्री दोन वाजता ताप चढला तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक चाचणीच्या कार्डावर लिहून घ्या. प्रवासाच्या गडबडीत स्टिरॉइडची गोळी मात्र एकदाही चुकवू नका. ती अचानक बंद झाली तर मूल गंभीर आजारी पडू शकते.

इथवर जे लिहिले ते खऱ्या चाचणीविषयी. तिच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्याविषयी स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. मूळपेशींची इंजेक्शने देऊन ड्युशेन बरा करतो असे सांगणारी केंद्रे मराठवाड्यातल्या पालकांपर्यंत पोचली आहेत, आणि त्यासाठी एकर-दोन एकर जमीन विकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. ड्युशेनसाठी मूळपेशी हा मान्यताप्राप्त उपचार नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो केवळ मंजूर चाचणीतच देता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. चाचणीत मूल देणाऱ्याकडून औषधाचे, तपासणीचे किंवा ‘नोंदणीचे’ पैसे मागितले गेले, तर तिथून उठून या.

समजा तुम्ही ‘नाही’ ठरवले, तर मुलाला काहीच मिळणार नाही असे अजिबात नाही. डेफ्लाझाकॉर्ट किंवा प्रेडनिसोलोन योग्य मात्रेत नियमित घेतल्याने चालणे काही वर्षे पुढे ढकलता येते, आणि हे अनेक नव्या औषधांहून अधिक भक्कम पुराव्याने सिद्ध झाले आहे. टाचा ताणण्याचा रोजचा व्यायाम, रात्रीचे स्प्लिंट, दरवर्षी हृदयाचा एको, फुप्फुसाची तपासणी, हाडांसाठी ड जीवनसत्त्व, आणि शाळेत तळमजल्यावरचा वर्ग, हे सगळे आज परभणीत राहून करता येते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालील केंद्रांपैकी मुंबईचे केईएम आणि हैदराबादचे निझाम्स ही रुग्णालये तुम्हाला सोयीची आहेत. चाचणीत न जाताही तिथे नाव नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे तुमच्या मुलाच्या जनुकाला जुळणारे औषध आले तर तुम्हाला कळेल.

राहता राहिला घरातला वाद. बहुतेक घरांत तो औषधावरून सुरू होतो आणि ‘हे आलं कुठून’ यावर येऊन थांबतो. मामाच्या मुलीशी लग्न केले म्हणून ड्युशेन होतो असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. काही जनुकीय आजारांत नात्यातल्या लग्नाने धोका खरोखर वाढतो, पण ड्युशेन त्यांतला नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो आणि आईच्या रक्तात तो नसतोच. उरलेल्यांत तो आईकडून आलेला असतो, पण त्यात तिचा काडीचाही दोष नाही. तुमच्या पत्नींना चाचणीत जायचे आहे. तो होकार मुलासाठी आहे की स्वतःवरचा आळ फेडण्यासाठी, हे त्यांच्याशी एकांतात, आई शेजारी नसताना, बोलून घ्या. त्यांची वाहक तपासणीही (हा बिघाड त्यांच्या जनुकात आहे का, याची तपासणी) करून घ्या, कारण धाकटा मुलगा असेल तर त्याची सीपीके ही स्नायूंची हानी दाखवणारी रक्ततपासणी करावी का आणि पुढच्या बाळंतपणाचा सल्ला त्यावर अवलंबून आहे. हैदराबादला होकार कळवण्याआधी जनुकीय अहवाल, चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि मराठी संमतीपत्र हाती आले, तर ते घेऊन जवळच्या बालमेंदूविकार तज्ज्ञांकडे एकदा बसा. तारीख थोडी पुढे गेली तरी चालेल.